खंबाटकीच्या घाटातला पिवळा दिवा

गेल्या मार्गशीर्षात मिरजेला जाण्याचा योग आला. माझ्या थोरल्या भगिनी, आमच्या अक्का, कोल्हापुरात असतात. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मिरजेत ठरली होती. ‘तू सोबत असशील तरच जाईन,’ असा त्यांचा हट्ट. बुधवारी दुपारी दोन वाजता रुग्णालयात हजर व्हायचे होते. म्हणून मंगळवारी सकाळीच मी आणि सौ. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या आमच्या डिझेल मोटारीने पुण्याहून निघालो.

शिरवळ, खंडाळा मागे पडले आणि खंबाटकीचा घाट लागला. निम्मा चढ चढलो असू, तोच समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडीतील जोरच नाहीसा झाला. पायाने कितीही दाबले तरी काटा ताशी ४० च्या पुढे सरकेना. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत पुढे जाऊ लागले. कसेबसे सातारा गाठले.

तेथील अधिकृत वर्कशॉपमध्ये एका तरुणाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत यंत्र जोडले. मोटारीने स्वतःच्या दोषांची नोंद ठेवावी, ही सक्ती अमेरिकेत १९९६ सालापासून आहे. आपल्याकडेही आता प्रत्येक नव्या मोटारीत ही सोय असते. पडद्यावर अक्षरे उमटली : पी ०२९९. अर्थ असा की, टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो, तिचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला. दाब कमी दिसला की इंजिनाला इजा होऊ नये म्हणून संगणक शक्तीच आखडती घेतो.

‘सेन्सर बदलू,’ तरुण म्हणाला. ‘नाहीच जमले तर टर्बो बदलावा लागेल. ६२,००० पर्यंत जाईल.’ त्या वर्कशॉपच्या बाकावर बसून आम्ही सोबतच्या दशम्या खाल्ल्या. चार वाजता ५,२०० रुपयांचे बिल हाती आले. दिवा विझला होता. कराडपर्यंत गाडी सुरळीत धावली. पुढे पेठनाक्याजवळ उसाच्या ट्रॉलीला मागे टाकण्यासाठी जोर दिला आणि दिवा पुन्हा लागला. कोल्हापुरात पोहोचायला रात्र झाली. अक्कांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले. त्या दाराशी बसून होत्या. ‘उद्याचं राहू दे हवं तर,’ त्या म्हणाल्या. आधीच घाबरलेल्या माणसाला एवढे निमित्त पुरेसे असते, हे मी ओळखले.

बुधवारी सकाळी आठ वाजता भाच्याने मला शिवाजी उद्यमनगरात नेले. फाउंड्री, लेथ आणि ऑइल इंजिने यांच्या कामावर वाढलेला हा भाग. गल्लीत शिरताच तापलेल्या लोखंडाचा आणि वंगणाचा वास येतो. पत्र्याच्या शेडमध्ये एक पन्नाशीचे मिस्त्री भेटले. त्यांच्याकडेही ते यंत्र होते. त्यांनी कोड वाचला, पण पाना मात्र उचलला नाही.

‘काका, दिवा लागला तवा गाडी चढावर व्हती का सपाटीला?’

मी घाट आणि उसाची ट्रॉली, दोन्ही सांगितले.

‘मंजी जोर दिल्यावरच. कोड खोटं बोलत न्हाई. पण दाब कमी पडला, एवढंच त्यो सांगतोय. का पडला, ते आपण हुडकायचं.’

बॉनेट उघडून त्यांनी टर्बोपासून निघणाऱ्या जाड रबरी नळीच्या खालून बोट फिरवले. बोटाला तेलाचा ओशटपणा लागला. मग नळीची तोंडे बंद करून त्यांनी कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि वरून साबणाचे पाणी शिंपडले. पंक्चरवाल्याकडे दिसतात तसे बुडबुडे आले. नखाएवढी चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असे, जोर दिला की उघडे. वर्कशॉपमध्ये ती कशी दिसणार? नवी नळी भाच्याने शहरातून आणली. मजुरीसह खर्च आला २,४०० रुपये.

बँकेतील माझी बरीच वर्षे खातेवह्या जुळवण्यात गेली. व्यापारी वाचकांना हे सांगायला नको की, तेरजेतील फरक चूक झाल्याचे सांगतो, कोठे झाली ते सांगत नाही. फरकाला नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल शोधावी. फरकाच्या निम्मी रक्कम कोठे आहे ते पाहावे, कारण नोंद उलट्या बाजूला गेलेली असू शकते. हे न करता रक्कम सस्पेन्स खात्यात टाकणारा कारकून आणि कोड वाचताच सुटा भाग बदलणारा कारागीर, दोघांचे काम सारखेच.

पूर्वीची पद्मिनी उन्हात बंद पडली की इंधनपंपावर ओले फडके ठेवीत आणि ती चालू होई. दोष डोळ्यांना दिसत असे. आज तो पडद्याआड गेला आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांनी धूर कमी केला, तो संगणकाच्याच जोरावर, म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु काही सुटे भाग बसवल्यावर कंपनीच्या संगणकाने त्यांची ओळख पटवावी लागते, आणि ती सोय उद्यमनगरच्या शेडपर्यंत पोहोचत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे, ही आशेची गोष्ट.

आपल्यावर असा प्रसंग आला तर तीन गोष्टी कराव्यात. दिवा लागला तेव्हा चढ होता की सपाटी, इंजिन थंड होते की गरम, ते लिहून ठेवावे. कोडची छापील प्रत मागावी. आणि भाग बदलण्यापूर्वी विचारावे, ‘हाच भाग बिघडला, हे कोणत्या तपासणीने ठरवले?’ उत्तर मिळाले नाही, तर घाईने होकार देऊ नये.

साडेअकराला निघालो. हातकणंगले, जयसिंगपूर करीत पाऊण वाजता मिरजेत पोहोचलो. अक्कांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी निर्विघ्न पार पडली. फाटक्या नळीचा तुकडा मी डिकीत ठेवला आहे. सौ.ना तो अडगळ वाटतो, पण मी तो अद्याप टाकलेला नाही.