पद्मिनीचे स्टिअरिंग

सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव समाजात आजही आदराने घेतले जाते. रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांपासून सुरुवात करून त्यांनी जहाज, विमान आणि मोटार या तीनही क्षेत्रांत स्वदेशी कारखानदारीचा पाया घातला. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाने वसले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५३ साली शेठजींचे निधन झाले. पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या मोटारीला याच कारखान्यात भारतीय रूप मिळाले आणि १९७० च्या दशकात तिचे नामकरण ‘प्रीमियर पद्मिनी’ असे झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेला, अशी तिची ठेवण. नोंदणी केल्यावर गाडी हाती येण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, तो हा काळ होता. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीच्या, एका धान्य व्यापाऱ्याच्या वाड्यात अशी एक पद्मिनी आजही उभी आहे. ती १९८४ सालची. आजच्या शेठजींच्या वडिलांनी ती घेतली होती. लग्नाची वरात, नगरला आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे दर्शन, मुलींची बाळंतपणे, मार्केट यार्डातील उधारीची वसुली, या साऱ्या कामांना ती गेली. आता शेठजी अडुसष्ट वर्षांचे आहेत. घरात नवी गाडी आहे, ती मुलगा वापरतो. पद्मिनी मात्र एका ठरावीक कामासाठी राखून ठेवलेली आहे, ते म्हणजे विहारसेवा.

पुणे-नगर रस्त्याने साधु-साध्वींचा विहार नेहमी सुरू असतो. ईर्या समितीचे पालन करीत, पुढची सुमारे चार हात जमीन निरखीत ते पायी चालतात. मुंगीही पायाखाली येऊ नये अशी त्यांची दृष्टी खाली असते. त्याच रस्त्यावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर आणि कंपन्यांच्या बस धावत असतात. महामार्गावर विहार करणाऱ्या साधु-साध्वींचे अपघात समाजाने पाहिलेले आहेत. म्हणून गावोगावचे स्वयंसेवक चमकते जॅकेट घालून त्यांच्यासोबत चालतात आणि मागून दिवे लुकलुकवीत एखादी गाडी हळूहळू येत राहते. शिरूरच्या हद्दीत पुष्कळदा ही गाडी म्हणजे शेठजींची पद्मिनी असे.

एका पावसाळी सकाळी शेठजींना ताप होता, म्हणून मुलगा गाडी घेऊन गेला. परत आल्यावर त्याने किल्ली खुंटीला लावली आणि सरळ सांगितले, “भाऊ, ही गाडी परत महासतींच्या मागे न्यायची नाही. स्टिअरिंग हातात वर-खाली हलतंय.”

शेठजी दुखावले. “चाळीस वर्षं चालवतोय मी ही गाडी. कधी कुणाला धक्का लागला नाही.”

“तुमचा हात सांभाळून घेतो, भाऊ. माझ्या हाताला ती सवय नाही. उद्या तिसरंच कुणी बसलं तर?”

या प्रश्नाला शेठजींपाशी उत्तर नव्हते. झीज एका दिवसात होत नाही. दररोज कणभर होते आणि चालविणाऱ्याचा हात तितकाच कणभर तिच्याशी जुळवून घेतो. त्यामुळे ज्याने गाडी सर्वांत जास्त चालविली, त्यालाच दोष सर्वांत उशिरा कळतो. थोरल्या सूनबाईंनी गाडी भंगारात द्यावी असे सुचविले. मुलाचे मत निराळे होते. गाडी ठेवायची तर ती विश्वासाची असावी, नाहीतर ती वाड्यातच उभी राहू द्यावी, असे तो म्हणाला.

सुटे भाग मिळविणे हा पुढचा प्रश्न होता. फियाटचा आजचा कारखाना टाटांच्या भागीदारीत याच शिरूर तालुक्यात, रांजणगावला आहे. परंतु ज्या गाडीची जन्मकथा तेथवर पोहोचते, तिचे बुश तेथे मिळण्याची शक्यता नव्हती. शिरूरच्या मेकॅनिकने दौंडच्या एका लेथवाल्या मिस्त्रींचे नाव सुचविले. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. हे मिस्त्रीही रेल्वेत फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. न्हावरे, चौफुला, पाटस अशा मार्गाने बापलेक सावकाश दौंडला पोहोचले.

मिस्त्रींनी आधी हत्यार हातात घेतले नाही. इंजिन बंद ठेवून त्यांनी स्टिअरिंगचे चाक वरून आणि खालून धरले व पुढे-मागे, वर-खाली हलविले. खांबाच्या नळीत आतला दांडा खडखडला. मग डॅशबोर्डखाली वाकून त्यांनी खांब आवळून धरणारे बोल्ट तपासले. त्यांतला एक सैल होता, तो आवळला. खडखड थोडी कमी झाली, थांबली नाही. त्यानंतर त्यांनी मुलाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे किंचित फिरवायला सांगितले आणि स्वतः पुढच्या चाकाशी बसले.

“शेठ, दोन वेगळे दोष आहेत,” ते म्हणाले. “वर-खाली हलतंय ते वरच्या बुशमुळं. पण चाक फिरवताना जो मोकळा प्ले येतोय, तो बुशचा नाही. डाव्या बाजूचा टाय रॉड एंड गेलाय. नुसतं बुश घातलं तर हाताला घट्ट वाटेल आणि खरा धोका खालीच राहील.”

हाताला जाणवणारी खडखड त्रासदायक असली, तरी गाडीची दिशा लगेच बिघडविणारी नसते. स्टिअरिंग आणि पुढची चाके यांना जोडणाऱ्या सांध्यांतील ढिलाई मात्र गाडी भलतीकडे नेऊ शकते. पहिला दोष दूर करून समाधान मानले असते, तर दुसरा कुणाच्या लक्षातही आला नसता आणि गाडी दुरुस्त झाली या भरवशाने ती पुन्हा साध्वींच्या मागे उभी राहिली असती.

काम दोन दिवस चालले. आधी बॅटरीची तार काढली, कारण हॉर्नची तार खांबातूनच वर येते. पुढची चाके सरळ ठेवून दांडा आणि स्टिअरिंग यांवर जुळणारी खूण केली. मधले नट सैल केले, पण दोन आटे तसेच ठेवले. नाहीतर चाक एकदम सुटून तोंडावर येते. चाक पुलर लावून ओढले. हातोडा मारू दिला नाही, कारण तो घाव दांड्यावाटे खाली स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो. आतले बुश निघाले ते एका बाजूला कागदाइतके पातळ झालेले. गाडीत चढता-उतरता स्टिअरिंगला धरून अंग ओढण्याची सवय, वाळलेले ग्रीस आणि धूळ या तिघांचे ते काम होते.

दांड्याची जाडी मायक्रोमीटरने दोन ठिकाणी मोजली, बुश बसते तिथे आणि न झिजलेल्या भागावर. दांडा थोडाच झिजला होता. शेठजींनी विचारले, “कायमचं टिकेल असं कडक पोलादाचं बुश बसवता येणार नाही का?”

मिस्त्री हसले. “मग दांडा खाईल ते. बुश दांड्यापेक्षा मऊच पाहिजे. ते स्वस्त असतं, दांडा महाग. झिजायचं कुणी तरी बुशनंच.”

गनमेटल टिकाऊ, परंतु त्याला तेलपाण्याची निगा लागते. नायलॉन आवाज करीत नाही, परंतु दमट हवेत थोडे फुगते. शेवटी गनमेटलचे ठरले. दांड्याच्या मापापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोकळे असे बुश लेथवर उतरविले गेले. ते नळीत बसविताना सर्व बाजूंनी सारखा दाब दिला. ग्रीस लावून दांडा हाताने फिरविला, तेव्हा तो न अडखळता फिरला. गिअरच्या दांड्याची खडखडणारी लहान बुशेही त्याच वेळी बदलली. टाय रॉड एंड पुण्याहून मागविला आणि तो बसविल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. सगळे जोडल्यावर मिस्त्रींनी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला आणि मोकळ्या मैदानात गाडी सावकाश चालविली. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते की नाही, हेही त्यांनी पाहिले. मगच किल्ली दिली, आणि ती शेठजींच्या हाती न देता मुलाच्या हाती दिली.

जैन आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. ईर्या समिती चालण्याविषयीची, तर आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलण्या-ठेवण्याविषयीची. त्या मुनींसाठी सांगितलेल्या आहेत, गृहस्थाला त्यांचे पूर्ण पालन शक्य नाही. तरीही ज्याच्या हाती वाहन आहे, त्याला त्यांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. खाली पाहून चालणाऱ्या साध्वीला मागची गाडी दिसत नाही. तिच्या वाट्याची सावधानता मागच्या माणसाने पाळायची असते आणि ती निघण्यापूर्वीच, वाड्याच्या दारात सुरू व्हावी लागते.

आषाढात चातुर्मास प्रवेशासाठी साध्वीमंडळ शिरूरला आले, तेव्हा पद्मिनी त्यांच्या मागे होती. गाडी मुलगा चालवीत होता. शेठजी जॅकेट घालून स्वयंसेवकांबरोबर पायी चालले. गुडघे दुखत असतानाही गाडीत बसले नाहीत.

दिवाळीला वहीपूजन झाले. शेठजींच्या नव्या वहीत उधारीच्या खात्यांनंतर एक पान ‘गाडी’ या नावाने उघडले गेले. त्यावर बुश आणि टाय रॉड एंड बदलल्याची तारीख आहे, झालेला खर्च आहे आणि खाली शेठजींच्या अक्षरात सूचना आहे : दर सहा महिन्यांनी स्टिअरिंग वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहणे, तपासणी रोज गाडी न चालविणाऱ्याकडून करवून घेणे.