प्रश्न विचारला कसा?

मुलीचा स्वभाव कसा, हे आईला विचारावे, मावशीला विचारावे, की छापील कागदाला? हल्ली कागदाचे वजन वाढले आहे. २०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली, तेव्हापासून अशा प्रश्नावल्या आमच्या अलिबागकडेही नवलाच्या राहिल्या नाहीत.

माझ्या भाचीने मध्यंतरी एके ठिकाणी स्वभावाची चाचणी दिली. निकाल आला: ‘एकलकोंडी. माणसांत मिसळण्याची आवड कमी.’ झाले! मुलगी नर्सिंगला जायचे म्हणत होती. तिचे बाबा म्हणाले, “राहू दे, तिचा तो पिंडच नाही.”

आणि ही पोर सुट्टीच्या दिवसांत नागावला घरच्या खानावळीत पाहुण्यांची पंगत एकटी सांभाळते! मी तिला जवळ बसवून विचारले, “काय गं, प्रश्न तरी काय होता?” वाक्य असे होते: ‘मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडत नाही.’ ती म्हणाली, “मावशी, मला एसटी स्टँडवरची माणसं आठवली. मी ‘हो’वर खूण केली.”

खरी मेख इथेच आहे. कुठे आणि कोणाशी, हे वाक्यात नव्हतेच. प्रश्नात ‘कामावर असताना’ एवढे दोन शब्द घातले, तर कामातल्या वागण्याचा अंदाज अधिक नेमका येतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. त्यातून वाक्य नकारार्थी! ‘आवडत नाही’ याला ‘नाही’ म्हटले, तर आवडते की नाही? मोठी माणसेही गोंधळतील.

सूचनेचेही तसेच. ‘यावरून निवड होणार’ म्हटले, की जो तो आपली चांगली बाजू पुढे करतो. ‘जसे आहात तसे लिहा, यात बरोबर-चूक काही नाही’ म्हटले, की मन जरा सैलावते.

भाचीच्या बाबांना मी आपल्या चुंबकीय वेधशाळेचे उदाहरण दिले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या नोंदी त्याने बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभारली, तीही लोखंड टाळून. नुसती सुई चांगली असून भागत नाही, भोवतालही तसाच हवा. त्यांना ते पटले. मुलीचा अर्ज गेला.

मैत्रिणींनो, चाचण्या टाकाऊ नव्हेत. पण निकाल हाती आला, की मुलांना तीन गोष्टी जरूर विचारा: सुरुवातीला सूचना काय दिली होती? वाक्य नीट कळले होते का? आणि उत्तर देताना कोणता प्रसंग डोळ्यांपुढे होता? मगच त्या कागदावर विश्वास टाका.