व्हिडिओ किती मिनिटांचा? फाईललाच विचारूया!



मुलांना अभ्यासाचे व्हिडिओ पाठवताना तुम्ही काय बघता? बहुतेक वेळा फाईल किती एमबीची आहे तेच बघितलं जातं. पण एमबीवरून मिनिटं कळत नाहीत. स्थिर चित्रावर समजावलेला धडा ५० एमबीत बराच वेळ चालतो. मैदानावरच्या कवायतीचं स्पष्ट चित्रण तेवढ्याच ५० एमबीत लवकर संपतं.

आणि आपल्या मुलांसाठी मिनिटंच महत्त्वाची. माझ्या चौथीच्या वर्गात बऱ्याच घरांत फोन एकच. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी परत येतो. मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास. त्यात ४० मिनिटांचे व्हिडिओ धाडले, तर शेवटचा धडा रोजच राहून जाणार!

एक फाईल असेल तर प्लेयरमध्ये वेळ दिसते. पण आठवड्याच्या वीस-पंचवीस फाईली कोण उघडत बसणार? म्हणून मी पायथनची छोटी स्क्रिप्ट वापरते. 'एफएफएमपेग' या मोफत साधनासोबत 'एफएफप्रोब' मिळतं. स्क्रिप्टचं काम एवढंच: फोल्डरमधली एकेक फाईल घ्यायची, एफएफप्रोबला फक्त कालावधी विचारायचा, आलेले सेकंद बेरजेत मिळवायचे.

यासाठी व्हिडिओ चालवून बघावा लागत नाही. एमपी-फोर फाईलमध्ये माहितीचा एक कप्पा असतो. त्यात दोन आकडे असतात: एका सेकंदाचे भाग किती आणि एकूण भाग किती. समजा, १००० आणि ७५४०००. भागाकार केला की ७५४ सेकंद. त्याला ६० ने भागा: भागाकार १२, बाकी ३४. म्हणजे १२ मिनिटं ३४ सेकंद.

पाहिलंत? हा तर आपलाच भागाकार! मी सेकंद फळ्यावर लिहिते, मिनिटं मुलं काढतात. बाकी म्हणजे नेमकं काय, हे त्यांना इथं दिसतं. बेरीज ३० मिनिटांच्या वर गेली, की कोणता व्हिडिओ उद्यावर ढकलायचा तेही तीच ठरवतात.

एखाद्या फाईलचा कालावधी आलाच नाही, तर ती बहुधा अर्धवट डाउनलोड झालेली असते. तीही पाठवण्याआधीच सापडते.

तुम्हीही करून पाहा. आधी एकाच फाईलवर चालवा, उत्तर प्लेयरमधल्या वेळेशी ताडून बघा, मग पूर्ण फोल्डर द्या.