एकट्या सशिणीची नसबंदी कशाला?

वेल्ह्याहून एक ताई सशाची मादी घेऊन भोरला आल्या. वय चार वर्षं, लघवीवाटे रक्त. "ऑपरेशन लागेल म्हणून रात्रीपासून उपाशी ठेवलंय." चूक त्यांची नाही, कुत्र्या-मांजरांसाठी आम्हीच तसं सांगतो. पण सशाला उलटी होत नाही, आणि उपाशीपोटी त्याची आतडी मंदावतात. आधी गवत दिलं.

ऑपरेशनमध्ये गर्भाशयात गाठ निघाली. नसबंदी न केलेल्या मादीत वयानुसार गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. "एकटीच होती, पिल्लं कुठून होणार?" ताई म्हणाल्या. पूर्वी मीही हेच म्हणायचो! आता सहा महिन्यांच्या आसपासच आणा म्हणतो. नराची केलीत, तरी चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून वेगळा ठेवा.

संध्याकाळी तिनं कोथिंबिरीची काडी ओढली, तेव्हा मलाच हायसं वाटलं.