कंटेनर कापण्याआधी

मालवाहू कंटेनर उभा राहतो तो चार कोपऱ्यांच्या खांबांवर. प्रत्येक खांबाला वर आणि खाली ओतीव पोलादाचा, भोके असलेला ठोकळा असतो. यार्डात त्याला कॉर्नर कास्टिंग म्हणतात. क्रेनचे हूक तिथेच अडकतात, ट्रेलरचे ट्विस्ट लॉक तिथेच फिरतात आणि वर रचलेल्या पेट्यांचा भारही तिथूनच खाली उतरतो. दारावरच्या धातूच्या पाटीवर हा भार कोरलेला असतो, बऱ्याच पाट्यांवर १,९२,००० किलो. बाजूचा नागमोडी पत्रा मात्र जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा. वजन पेलण्यापेक्षा चौकट तिरकी होऊ न देणे हेच त्याचे मुख्य काम. कंटेनरचे घर बांधायला निघालेल्याने हे आधी नीट समजून घ्यावे, कारण दार, खिडकी, ऐसपैस खोली असे घराला जे जे लागते ते सगळे हाच पत्रा कापून मिळवावे लागते.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे नेल्या. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून धरतात. या पेट्यांची राहण्याजोगी घरे करण्याच्या पद्धतीसाठी फिलिप क्लार्क या अमेरिकी गृहस्थाने १९८७ मध्ये पेटंटचा अर्ज केला, तो १९८९ मध्ये मंजूर झाला. लंडनच्या ट्रिनिटी बॉय वॉर्फवर २००१ मध्ये ‘कंटेनर सिटी’ उभी राहिली. पाठोपाठ ॲमस्टरडॅमला ‘केटवोनेन’ ही हजारएक खोल्यांची विद्यार्थी वसाहत झाली आणि हा प्रकार गंभीरपणे घेतला जाऊ लागला. महाराष्ट्रात त्याचे मूळ न्हावा शेवा बंदरात आहे. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, भोवती उरण-पनवेल पट्ट्यात यार्डे वाढली आणि समुद्रातून निवृत्त झालेले कंटेनर तिथे विकत मिळू लागले. आधी बांधकामावरचे साइट ऑफिस, वॉचमनची खोली, मग हायवेवरचा कॅफे आणि आता शेतावरचे घर, असा त्यांचा प्रवास आहे.

मापांपासूनच अडचण सुरू होते. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद. चाळीस फुटीची रुंदी तेवढीच, लांबी १२.१९ मीटर. आतली रुंदी भरते साधारण २.३५ मीटर. आतली उंची साध्या कंटेनरमध्ये २.३९ मीटर, ‘हाय क्यूब’ प्रकारात सुमारे २.७० मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर धरली आहे. वातानुकूलित खोलीला उंचीत सूट मिळते, पण रुंदीत पेटी पाच सेंटिमीटरने नापासच. त्यात दोन्ही बाजूंना उष्णतारोधक थर आणि आतले प्लायबोर्ड लागले की हातात सव्वादोन मीटरही उरत नाहीत. एवढ्या रुंदीत डबल बेड आडवा टाकला तर पायथ्याशी माणूस अंग चोरून जातो. स्वयंपाकाचा ओटा दोन्ही बाजूंना धरला तर मधे उभे राहायला जागा पुरते, दुसऱ्या माणसाला मागून जायला अडचण होते. रुंदी वाढवता येत नाही, निदान उंची तरी मिळावी म्हणून साधा कंटेनर स्वस्तात मिळत असला तरी घरासाठी हाय क्यूबच घ्यावा.

‘पाया नाही, म्हणजे परवानगी नको’ असे विकणारे हमखास सांगतात. ज्या वास्तूला वीज, नळ आणि सेप्टिक टँक लागणार, तिला तात्पुरती म्हणवून घेणे शहाणपणाचे नाही. पेटी आणण्याआधीच ग्रामपंचायतीत आणि तहसिलीत विचारावे.

जुना कंटेनर पारखण्याची पहिली रीत अगदी साधी आहे. भर उन्हात आत जायचे, दोन्ही दारे बाहेरून लावून घ्यायला सांगायचे आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबायचे. छतात सुईच्या टोकाएवढे भोक असले तरी ते चमकते. मग बाहेर येऊन तळाकडे पाहायचे. नवा रंग मारून गंज झाकण्याची कला यार्डात चांगलीच मुरलेली असते, पण खालच्या आडव्या पट्ट्यांना रंगारी सहसा हात लावत नाही. तिथे हातोडीने टिचकी मारली की खरी अवस्था कळते. पोलाद खणखणते, गंजलेला पत्रा बद्द वाजतो. शेवटी टेपने दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते जुळले नाहीत तर पेटी कधीतरी आपटली आहे असे समजावे. पोचे चालतात, पिळवटलेली चौकट चालत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तळाची लाकडी जमीन. ती २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते आणि बंदराबंदरांतून कीड पसरू नये म्हणून लाकडावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. कोणते औषध, कधी वापरले, हे त्याच दारावरच्या पाटीवर नोंदलेले सापडते. शिवाय दहा-बारा वर्षांत त्या जमिनीवर काय काय सांडले याची नोंद कुठेच नसते. जिथे मुले रांगणार तिथे हे प्लायवूड काढून टाकलेले बरे. खर्च जमत नसेल तर निदान इपॉक्सीचा थर देऊन ते पूर्ण बंद करावे आणि वर फरशी किंवा दुसरी जमीन घालावी.

वाहतूक आणि पाया यांत फारसे गूढ नाही. वीस फुटी रिकामी पेटी सव्वादोन टनांच्या आसपास भरते, हायड्रा क्रेन ती सहज उचलते. अडते ते गावाच्या वळणावर आणि रस्त्यावरून गेलेल्या विजेच्या तारांखाली, म्हणून ट्रेलर निघण्याआधी वाट एकदा नजरेखालून घालावी. पाया चार कोपऱ्यांखालीच हवा. सलग कोबा घालून पेटी त्यावर टेकवली तर खाली पाणी साचते आणि तळ खालून सडतो. काँक्रीटचे चौथरे दीड-दोन फूट वर घ्यावेत आणि चारही माथे लेव्हल ट्यूबने एका पातळीत आणावेत. एक कोपरा बोटभर जरी खाली राहिला तरी पेटी पिळते आणि तिची दारे आवळतात.

खरे कसब कापण्यात आहे. बुटाच्या खोक्याची एक लांब बाजू कापून काढावी आणि वरून दाबून पाहावे. कंटेनरचे तेच होते. वरची लांब पट्टी म्हणजे साधारण साठ मिलिमीटरचा चौकोनी पाइप. खाली पत्रा आहे तोवर तिला काही होत नाही. बाजू पूर्ण काढली की चाळीस फुटांच्या मध्यावर ती खाली झुकते, आणि एकदा झुकलेली पट्टी जॅक लावूनही पुरती सरळ होत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी तुळई आणि टेकू, मग ग्राइंडर. तुळई किती जाड हवी हे वेल्डरच्या अंदाजावर सोडू नये, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्यावे.

खिडकीचेही एक तंत्र आहे. पत्रा नागमोडी असल्याने त्याला उतरत्या आणि सपाट अशा दोन्ही बाजू असतात. उभी काप सपाट भागावर आली तर चौकटीचा पाइप पत्र्याला सरळ चिकटतो. उतरत्या भागावर आली तर फट राहते, ती वेल्डिंगच्या मुलाम्याने भरावी लागते आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी झिरपते. कुशल फॅब्रिकेटर त्यामुळे खिडकीचे माप नकाशावरून न घेता पत्र्यावरून घेतो. आर्किटेक्टने चार फूट लिहिले असेल तर तो दोन-तीन इंच इकडे-तिकडे करून खिडकी घडीत बसवतो, आणि आर्किटेक्टने ते मान्य करावे हेच बरे. वेल्डिंगही सलग ओढायचे नसते. इंचभर इथे, इंचभर समोरच्या बाजूला, असे टाके घालत चौकट पूर्ण करायची. एकाच जागी उष्णता साठली की पातळ पत्रा फुगतो. जुन्या रंगात काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो, म्हणून कापण्याआधी कापाच्या रेषेवरचा रंग घासून काढणे आणि तोंडावर चांगला मास्क लावणे गरजेचे आहे. आपल्याकडे अजूनही पंचा गुंडाळण्यावर भागवतात.

जितके कापावे तितके पोलाद पुन्हा घालावे लागते. तीन पेट्या शेजारी ठेवून मधल्या सगळ्या भिंती उडवल्या की दिवाणखाना मोठा होतो, पण त्यासाठी लागणारे बीम आणि मजुरी धरली तर साधी विटांची खोली परवडली असती. या घरांचा खरा फायदा वेळेचा आहे, पैशाचा क्वचितच. भिंती कापण्याच्या या अडचणीवर जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी काढलेली तोड फार सुंदर आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर ओनागावा गावात बेसबॉलच्या मैदानावर त्यांनी १८९ कुटुंबांसाठी तीन मजल्यांपर्यंत तात्पुरती घरे उभारली. पेट्या त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक रचल्या. झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर पेटीत, आणि दोन पेट्यांमधल्या रिकाम्या जागेत मोठ्या काचा लावून बसायची-जेवायची खोली. पेटीला पेटीच राहू दिले आणि घर मधल्या पोकळीत वसवले. कोकणातल्या शेतघराला ही रचना चपखल बसते. दोन वीस फुटी पेट्या दहा-बारा फूट अंतरावर समोरासमोर ठेवाव्यात, दोहोंवर मिळून एकच छप्पर घालावे. मधे ऐसपैस ओटी मिळते आणि तिला २.४ मीटरची अट अडवत नाही.

दोन पेट्या अगदी चिकटवून ठेवायच्याच असतील तर त्यांच्यामधल्या सांध्याची काळजी घ्यावी लागते. बारा मीटरचे पोलाद पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या तापलेल्या छतापर्यंत, म्हणजे चाळीस अंशांच्या फरकात, सुमारे सहा मिलिमीटर लांबते. नुसते सिलिकॉन भरले तर ते एका उन्हाळ्यात सुटते. वरून वाकवलेल्या पत्र्याची टोपी घालावी, ती एकाच बाजूला पक्की करावी आणि दुसरी बाजू सरकती ठेवावी.

उन्हाचा प्रश्न आतून थर लावून अर्धाच सुटतो. फवारलेला पॉलियुरेथेन फोम पत्र्याला घट्ट चिकटतो, मधे हवा राहत नाही. रॉकवूल स्वस्त आणि आगीला दाद न देणारे, पण ते आणि पत्रा यांच्यामध्ये घरातली दमट हवा शिरली की डिसेंबरच्या पहाटे थंड छताखाली तिचे पाणी होते आणि बाहेर आभाळ निरभ्र असताना घरात ठिबकू लागते. रॉकवूल वापरायचे तर आतल्या बाजूने वाफ अडवणारा सलग पडदा हवाच. तरीही सगळ्यात मोठा उपाय बाहेरचा आहे: पेटीच्या वर फूट-दीड फूट मोकळी हवा सोडून दुसरे छप्पर. मंगळुरी कौले असोत की पत्रे, ऊन आधी त्यांच्यावर पडते, पावसाचा आवाज निवतो, आणि तीन फूट पुढे काढलेल्या वळचणीमुळे झडीचा पाऊस खिडक्यांपर्यंत पोचत नाही. दुहेरी छप्पर ‘कंटेनरचा लूक जातो’ म्हणून टाळणारे पुष्कळ आहेत. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर तो लूक दोन-तीन पावसाळ्यांत तसाही जातो.

छतावर माती घालून हिरवळ करण्याची किंवा पेटी जमिनीत पुरण्याची हौसही दिसते. छताची कसोटी ६० बाय ३० सेंटिमीटर जागेवर ३०० किलोंची असते, म्हणजे वर चढलेल्या माणसांपुरती. वीस फुटी छतावर फूटभर मातीही सात-आठ टन भरते, भिजली की आणखी. पुरलेल्या पेटीच्या भिंती बाजूच्या मातीने आत फुगतात. या दोन्ही गोष्टी स्वतंत्र सांगाडा किंवा माती अडवणारी भिंत बांधल्याशिवाय करू नयेत.

विजेच्या बाबतीत पेटी म्हणजे एक अखंड वाहक. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरचे वेष्टन कडेला घासून फाटले तर सगळ्या घरात करंट उतरतो. प्रत्येक भोकाला रबरी कडे, वायर पाइपातूनच, सांगाड्याला दोन ठिकाणी अर्थिंग आणि विजेच्या फळीवर गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, यात काटकसर नको. मोबाइलचे सिग्नल पोलादात अडतात, म्हणून राउटरची जागा खिडकीजवळ.

कंटेनरचे पोलाद कॉर्टेन जातीचे असते. त्यावर येणारा गंजाचा थर पुढचा गंज रोखतो. ही ख्याती कोरड्या हवेत खरी ठरते. समुद्राच्या खाऱ्या, सतत ओल्या हवेत तो थर स्थिरावतच नाही, म्हणून किनाऱ्यावर रंगाला पर्याय नाही. पावसाळा सरला की दिवाळीआधी छताच्या खळग्यांत साचलेला पाचोळा काढावा, खिडक्यांच्या चौकटींचे खालचे कोपरे आणि तळाच्या आडव्या पट्ट्या तपासाव्यात. जिथे रंगाखाली फोड दिसेल तिथे तो खरवडून झिंकचे प्रायमर, मग इपॉक्सी, वर पॉलियुरेथेनचा हात द्यावा. नव्याने केलेल्या वेल्डिंगचे सांधे सर्वांत आधी गंजतात, कारण तिथला मूळ कारखान्याचा रंग जळालेला असतो. पहिल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.