एकाच नावाची दोन खाती

आमच्या शाखेत एकाच नावाची दोन खाती आहेत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सारखं. एकात शिल्लक लाखांत. दुसरं किमान शिल्लकेच्या उंबरठ्यावर धापा टाकत बसलेलं. वीस वर्षांत मी ह्या दोघांची गल्लत कधी केली नाही, असा मला अभिमान होता. तो गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी उतरवला.

चिरंजीवांना पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हाच लॅपटॉपचा विषय निघाला होता. साधा नव्हे, गेमिंगचा. "बाबा, ह्यात आरटीएक्स ४०७० आहे. शेजारच्या दादाच्या डेस्कटॉपमध्ये आहे तेच कार्ड!"

मी कॉमर्सचा पदवीधर. माझ्या लेखी कार्ड म्हणजे रेशनचं, नाहीतर एटीएमचं. मी एक मुदत ठेव मोडली. मुदतपूर्व मोडल्याचा दंडही माझ्याच हातानं मला लावला.

दिवाळीत चिरंजीव सांगलीला आले आणि सामना ठरला. बेंचमार्क म्हणजे दोन्ही यंत्रांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची आणि गुण मोजायचे. दादाच्या डेस्कटॉपचे शंभर धरले, तर आमचे निम्मेही भरेनात.

"चार्जर लाव रे," दादा म्हणाला. बॅटरीवर हा पैलवान उपाशी असतो म्हणे. चार्जर लावला. पंखा असा घोंघावला की सौ. कुकर बघायला आत धावली. गुण सत्तरच्या आसपास.

मग मी माझ्या सवयीनं दोन्ही खाती उघडून ताळा केला. दोन्ही कार्डं २०२३ सालचीच. डेस्कटॉपवाल्याकडे ५८८८ कोअर, १२ जीबी मेमरी आणि २०० वॅटचा खुराक. आमच्याकडे ४६०८ कोअर, ८ जीबी मेमरी आणि खुराक ३५ पासून ११५ वॅट. लॅपटॉप बनवणारा वाढील तेवढा! नावापुढं 'लॅपटॉप जीपीयू' असं लिहिलेलं होतं. आम्हीच ते वाचलं नव्हतं. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? आमच्या फॉर्मवरही कामाची गोष्ट तळाशी, बारीक अक्षरांतच असते.

रात्री चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त पळाला असता."

"पळाला असता रे. पण घरातल्या घरात. तुझ्याबरोबर पुण्याला कोण आलं असतं?" मी म्हणालो. "ती तीस टक्के तूट प्रवासखर्च म्हणून नावे टाक."

पोराचा चेहरा खुलला. हिशेब जुळला म्हणून मीही दिवा मालवला.

अंधारात सौ. म्हणाली, "डेस्कटॉपच घ्यायला हवा होता हो. निदान त्याच्यासाठी तरी दर शनिवारी घरी आला असता."

वीस वर्षांत पहिल्यांदाच एक रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते मला कळलं नाही.