मेजाभोवतीची मंडळी

प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब शुभ्र वस्त्राखालची भाकर उचलून मोडतात, तेव्हा देवाच्याही आधी मला शेजारचा माणूस जाणवतो. कुणाच्या हातावर घट्टे, कुणाच्या अंगठीत खडा. पसरलेले तळवे मात्र सारखेच रिकामे. प्रार्थना एकट्यानं करता येते, उपवास एकट्यानं करता येतो. या भक्तीला मात्र पंगत लागते.

पहिल्या पंगतीला कोण होतं? काही तासांत आपल्या गुरूला नाकारणारा पेत्र होता, त्याला धरून देणारा यहूदाही होता. येशूनं भाकर मोडली ती अशा माणसांसाठी. पुढे पंचवीसेक वर्षांत करिंथच्या मंडळीत खातेपिते आपापलं आधीच जेवून घेऊ लागले, गरीब उपाशी राहू लागले. पौलानं त्यांना खडसावलं, की तुम्ही जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच, एकमेकांसाठी थांबा.

कोण कुणाच्या हातचं खातो यावर जिथं माणसाची पायरी ठरत आली, त्या आपल्या मातीत हे बोल खोल रुततात. ब्राह्मण घरातले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परतल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळूनच. मग विचार करता करता ते एकेक बंधन गळत गेलं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मला वाटतं, त्यांचं प्रभुभोजन चर्चच्या आधी स्वयंपाकघरात सुरू झालं होतं.

चर्चांनाही एका मेजाशी बसणं शिकावं लागलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि तो जाणत्या वयातच द्यावा असं मानणारे, दोघेही आपापली श्रद्धा न सोडता एका मेजाशी आले. मतं जुळेपर्यंत जेवण थांबवायचं नसतं, एवढं शहाणपण त्यात होतं.

तरीही लग्नाच्या बोलणीत आपल्याकडे जात हळूच विचारली जातेच. रविवारी एका भाकरीचे वाटेकरी झालेले आपण सोमवारी कुणाच्या घरचं पाणी टाळतो, हे ज्याचं त्यानं तपासावं. म्हणून पुढच्या प्रभुभोजनाआधी एक करा: ज्याला आजवर कधी घरी जेवायला बोलावलं नाही, त्याला बोलवा, आणि त्यानं बोलावलं तर नक्की जा.